माझं राहून गेलेलं निधन

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, वयाच्या तेराव्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी, बाल्टिमोरजवळच्या एका हायस्कूलच्या रंगमंचावर, दोनेकशे मराठी माणसांच्या साक्षीने माझं क्षयाने निधन व्हायचं होतं. काही अपरिहार्य कारणांमुळे ते होऊ शकलं नाही. प्रेक्षकांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल तिथल्या मराठी मंडळाने त्याच दुपारी, बटाटेवडे वाटायच्या आधी, माइकवरून दिलगिरी व्यक्त केली. मी अजून केलेली नाही, आणि या प्रकरणातही करणार नाही.

माझा तो मृत्यू लिहिला होता माझ्याच बाबांनी. बाबा पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे डॉक्टर, पण ज्यांच्याशी पेशंट कधी बोलत नाही असे. त्यांचे पेशंट काचेच्या पट्टीवर, गुलाबी-निळ्या रंगात रंगवलेले, एका खोक्यातून येत. हॉस्पिटलातून गाडीने वीस मिनिटांवर एक जुनं चर्च होतं आणि त्याच्या आवारात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लेखकाची कबर होती. मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून थेट इथे आलेल्या बाबांनी अमेरिकेत पहिल्या हिवाळ्यात पाहिलेली पहिली प्रेक्षणीय जागा म्हणजे ती कबर. इतरांनी नायगारा पाहिला. हा लेखक याच शहरात रस्त्यावर बेशुद्ध सापडला होता, अंगात दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे, आणि चार दिवसांनी मेला. कशाने मेला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणी दारू म्हणतं, कुणी मेंदूतली गाठ, कुणी चक्क पिसाळलेलं कुत्रं. उत्तर न सापडलेली केस बाबांना दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखी छळत असे. त्यांनी त्या माणसाचं सगळं आयुष्य वाचून काढलं. आईबाप नाटकात काम करणारे. बाप पळून गेलेला, आई हा जेमतेम तीन वर्षांचा असताना खोकून खोकून गेलेली. एका श्रीमंत व्यापाऱ्याने घरात वाढवला, पण स्वतःचा म्हणून कधी घेतला नाही. बाबा त्याला ‘आमचा पेशंट’ म्हणत. आई म्हणे ‘बिचारा’. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतच नसे, त्यामुळे मीही इथे घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेलच, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडणार नाही.

जेवणाच्या टेबलावर हा बिचारा आमच्याबरोबर रोज बसायचा. आई कऱ्हाडची, हात सढळ. कैरी मिळत नाही म्हणून ती हिरव्या आंबट सफरचंदांचं लोणचं घालायची आणि त्याला निग्रहाने ‘कैरीचं लोणचं’ म्हणायची. ते लोणचं, मुगाची खिचडी, तळलेले पापड आणि त्यावर बाबांचं व्याख्यान: आज पेशंटचं नाडीपरीक्षण, उद्या त्याचा भुकेने गेलेला हिवाळा. बेसमेंटमधून कपडे वाळवायच्या यंत्राचा घुमघुम आवाज यायचा आणि त्या तालावर आई मधूनच विचारायची, “पण त्याला जेवायला कोण वाढायचं?” बाबा म्हणायचे, “त्याची आत्या. टोपली घेऊन दारोदार जायची, भाजीपाला मागून आणायची.” मग आई पुढचा पापड बाबांच्या ताटात ठेवायची, जणू तो बाल्टिमोरातल्याच कुठल्याशा दारावरून त्या टोपलीत पडला आहे.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी बाबांनी या माणसावर मराठीत तीन अंकी नाटक लिहायचं जाहीर केलं. लिहायचं म्हणजे सांगायचं. बाबांना हाताने लिहायची सवयच उरली नव्हती. हॉस्पिटलात ते छोट्या टेपरेकॉर्डरवर रिपोर्ट बोलायचे आणि कुणीतरी ते टाइप करायचं. नाटकही त्यांनी तसंच केलं. हॉस्पिटलातून येताना गाडीत, एका हाताने स्टिअरिंग धरून, ते यकृताचं वर्णन करावं तशा सुरात बोलायचे: “पडदा उघडतो. डावीकडे खाट. पूर्णविराम. खाटेवर पत्नी, वर्ण फिकट, श्वास उथळ.” आणि घरी आई कानाला हेडफोन लावून, पायाखाली टेप थांबवायचं आणि मागे न्यायचं पेडल घेऊन, शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखी बसायची आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सगळं उतरवून काढायची. पेडलचा खट्ट, मग आईचं पेन, मग परत खट्ट. माझ्या लहानपणाचा एकच आवाज ठेवून घ्यायची परवानगी मिळाली, तर मी तो घेईन.

तालमी आमच्या बेसमेंटमध्ये. नायकाची भूमिका मुळे काकांकडे. मुळे काका नागपूरचे, पुलांचे इंजिनियर, अंगाने भरदार. भुकेने खंगलेल्या कवीला जितके अयोग्य असावेत तितके. पहिल्याच वाचनाला ते अडले. “डॉक्टरसाहेब, हे काय लिहून ठेवलं? बायको याच्या आत्याची पोरगी?”

“हो. तेरा वर्षांची होती लग्नात,” बाबा म्हणाले.

“अरे बाप्पा! मामाची पोरगी करते माणूस, आमच्याकडे चालते. पण आत्याची? आत्याची पोरगी म्हणजे सख्खी बहीणच ना!”

“मुळे, तो अमेरिकन होता.”

“म्हणून काय झालं? आत्या तर आत्याच असते ना!”

यावर पाऊण तास चर्चा झाली. आत्याची भूमिका करणाऱ्या सुलूमावशींनी (आईची मैत्रीण, मुंबईच्या, जिभेला धार) मुळे काकांना सुनावलं, “तुम्हाला कुणी खरं लग्न करायला नाही सांगितलंय हो. खाली गुडघे टेका आणि रडा.” शेवटी मंडळाच्या भावना लक्षात घेऊन मराठी नाटकात आत्याची मामी करण्यात आली. एका माणसाच्या दुःखी आयुष्यात कऱ्हाड-नागपूरकडून झालेली ही एवढीच सुधारणा. तेरा वर्षांची मंडळात मी एकटी, म्हणून पत्नी मी. डॉक्टरचं काम, शेवटच्या अंकात दोन मिनिटांचं, बाबांनी स्वतःकडे घेतलं. आणि प्रॉम्प्टर आई. कारण अख्खं नाटक तिच्या हातून उतरलेलं, ते तिला आमच्या सगळ्यांपेक्षा आधी पाठ झालं होतं.

इथवर सगळं मजेचं आहे, आणि मला मजेचंच सांगायला आवडतं. माझी मुलगी म्हणते, “आई, यू ऑलवेज डू धिस. हसवतेस आणि मग मधेच थांबतेस.” आता थांबते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आईच्या काखेतली गाठ काढली होती. ऑपरेशननंतर सर्जनकडे आम्ही तिघं गेलो. मला न्यायचं कारण नव्हतं. शाळेला सुट्टी होती आणि घरी एकटीने राहिलेलं आईला चालत नसे. सर्जन उंच, पांढऱ्या केसांचा, फार सभ्य माणूस होता. तो आईकडे बघून सावकाश इंग्रजीत बोलायला लागला. आईचं इंग्रजी दुकानापुरतं आणि शेजाऱ्यांपुरतं. ती बाबांकडे बघायला लागली. सर्जन जवळजवळ दहा मिनिटं बोलला. गाठ साधी नाही, ती पसरली आहे, यकृतात आहे, औषधाने फार तर लांबवता येईल. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर, मांडीवर आईची पर्स घेऊन. तो थांबला. बाबा आईकडे वळले आणि म्हणाले, “म्हणतात, गाठ काढली, आता काही काळजी नाही. अशक्तपणा आहे. औषध नियमित घ्यायचं, संत्री खायची.”

“एवढं बोलले ते,” आई म्हणाली.

“इंग्रजीत शब्द जास्त लागतात.”

सर्जनने विचारलं, त्यांना काही प्रश्न आहेत का? आईने थोडा विचार केला. “विचारा त्यांना, श्रावण येतोय. सोमवार धरले तर चालतील का?”

बाबांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत विचारलं, “किती वेळ आहे?”

सर्जनने माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाबांकडे, आणि हळूच म्हणाला, पुढचा उन्हाळा त्यांना दिसेल असं मला वाटत नाही.

“चालतील म्हणतात,” बाबा आईला म्हणाले. “फक्त कडक उपास नको. साबुदाण्याचा.”

आई खूश झाली. तिने सर्जनला हात जोडून नमस्कार केला. त्यानेही, कुठे बघितलं होतं कोण जाणे, हात जोडले.

घरी येताना पेट्रोल भरायला बाबा उतरले आणि मलाही काच पुसायला खाली बोलावलं. आई आत बसून संत्री सोलत होती. बाबा नळीकडे बघत म्हणाले, “तुला इंग्रजी जरा जास्तच येतं. आईला सांगायचं नाही. आपल्यात पेशंटला सांगत नाहीत. माणूस ऐकूनच खचतो.” मी काच पुसत राहिले. काचेपलीकडून आईने मला सोललेली फोड दाखवली, खाणार का म्हणून. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी खोटं बोलायला लागले, आणि तेरा वर्षांच्या मुलीला आईशी खोटं बोलायला शंभर कारणं असतात, पण हे एक त्यांत बसत नव्हतं.

आता मी दुसऱ्या राज्यात, फ्रिस्को नावाच्या शहरात राहते आणि हॉस्पिटलांसाठी दुभाषी म्हणून काम करते. नागपूरहून, नाशकाहून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांचं मराठी डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं इंग्रजी आजी-आजोबांना. आमचा नियम साधा आहे: जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, न बोललेलं काही सांगायचं नाही. दर महिन्याला एखादा मुलगा मला बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठतो आणि हात जोडतो, “ताई, प्लीज, बाबांना नका सांगू, ते कोलॅप्स होतील यार.” मी नियम सांगते. तो मला दगडाची समजतो. मी त्याला बाबांची गोष्ट कधी सांगत नाही. कारण बाबा वाईट नव्हते. आईची काचपट्टी हॉस्पिटलात त्यांच्याच टेबलावर आली होती. दुसऱ्या कुणाला देता आली असती, तरी त्यांनी ती स्वतः बघितली, हे मला फार नंतर कळलं. ज्या माणसाने आपल्या बायकोला सूक्ष्मदर्शकातून बघितलं, त्याला त्याच दुपारी तिच्याशी संत्र्यांबद्दल बोलता आलं, यात क्रूरपणा शोधणं मला जमत नाही.

नाटकाचा शेवटचा अंक बाबांनी फार उशिरा सांगितला. ऑक्टोबर संपत आला होता. आई तोवर बारीक झाली होती, जिना चढताना मध्ये थांबायची आणि थांबल्याचं कारण म्हणून भिंतीवरचा फोटो सरळ करायची. आमच्या जिन्यातले सगळे फोटो त्या काळात अतिशय सरळ होते. एका शनिवारी सकाळी ती हेडफोन लावून बसली होती आणि मी समोर चकल्यांचं पीठ मळत होते. पेडल खट्ट. पेन. खट्ट. मग नुसतंच खट्ट, खट्ट. तोच तुकडा ती मागे नेत होती आणि परत ऐकत होती. तीनदा, चारदा. मी विचारलं, “आवाज नीट नाहीये का?”

“नीट आहे,” आई म्हणाली. “तुझे बाबा मध्ये फार थांबलेत. गाडी सिग्नलला असेल.” मग तिने ते वाक्य लिहिलं, त्याच ठाशीव, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरात. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. बायकोच्या खाटेपाशी डॉक्टर तिच्या नवऱ्याला सांगतो: ‘पुढचा उन्हाळा हिला दिसेल असं मला वाटत नाही.’

माझ्या हाताला पीठ होतं म्हणून बरं. मी ते धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

तालमीत बाबांनी ते वाक्य एकदाही म्हटलं नाही. त्यांची वेळ आली की ते बॅग खाली ठेवायचे आणि हात हलवायचे, “माझं झालं, मुळे, तुमचं घ्या.” आई तिच्या खुर्चीवरून म्हणायची, “अहो, एकदा म्हणून तरी बघा.” बाबा म्हणायचे, “एक वाक्य आहे. पाठ आहे मला.” मुळे काका वैतागायचे, “डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगतच नाही, तर मी रडू कशावर? हा गडी तीन अंकांपासून नुसता दुःखी होऊन राहिला, त्याला काही कारण तर द्या!” सगळे हसायचे. आईही हसायची. तिचं हसणं मी त्या दिवसांत फार बारकाईने ऐकायचे, काही सापडतं का म्हणून. काही सापडायचं नाही.

आई पुढच्या एप्रिलमध्ये गेली. अंगणातलं शोभेचं चेरीचं झाड तेव्हा गुलाबी झालं होतं. खिडकीतून ते बघून ती म्हणाली होती, “एवढं फुलायचं आणि फळ नाही. काय उपयोग?” हे मी आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना तुम्ही तिच्या जगण्याची वाट बघत बसणार नाही. मी फार वर्षं बसले होते.

प्रयोगाच्या दुपारी हायस्कूलचा हॉल वड्यांच्या वासाने भरला होता. मंडळाच्या समितीने वडे आधीच तळून ठेवले होते आणि अर्धे प्रेक्षक नाटकाकडे एका डोळ्याने बघत होते. पहिले दोन अंक छान गेले. मुळे काकांनी दारू पिण्याचा प्रवेश इतका मनापासून केला की त्यांच्या बायकोने मध्यंतरात येऊन त्यांचा पेला हुंगला. सुलूमावशींच्या टोपलीतून खरी गाजरं निघाली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी गाता गाता थांबले, तोंडाला रुमाल लावला, रुमालावर बिटाचा रस, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजी मोठ्याने “आई गं” म्हणाल्या. मला वाटलं, मी जन्मजात नटी आहे.

तिसऱ्या अंकात मी खाटेवर. आमच्या पेशंटच्या, म्हणजे त्या कवीच्या, घरात पांघरूण नव्हतं. बायकोच्या अंगावर तो आपला जुना लष्करी कोट टाकायचा आणि ऊब मिळावी म्हणून मांजर तिच्या छातीवर बसायचं. हे खरं आहे, पाहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे बाबांचा हिवाळ्याचा ओव्हरकोट होता आणि शेजारच्या मुलीचं कापसाचं केशरी मांजर. डोकं एका बाजूला कलंडलेलं ठेवायचं असल्यामुळे मला थेट डावी विंग दिसत होती. तिथे घडीच्या खुर्चीवर आई, अंगावर शाल, हातात वही आणि छोटी बॅटरी.

बाबा आले. काळा सूट, हातात त्यांची खरी बॅग. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी होती. नियमाप्रमाणे त्यांनी तीन आकडे मोजायचे, मान हलवायची, मुळे काकांकडे वळायचं आणि वाक्य म्हणायचं. ते मोजत राहिले. मनगट सोडलंच नाही.

विंगेतून आईचा हलका आवाज आला, “पुढचा उन्हाळा...”

बाबा मोजतच होते.

मुळे काका गुडघ्यांवर अवघडले होते. त्यांनी आपल्या परीने सावरलं, “सांगून टाका ना डॉक्टरसाहेब. काय झालं तिला?” हॉलमध्ये खसखस पिकली.

“पुढचा उन्हाळा हिला...” आई, जरा मोठ्याने. बाबांचे ओठ हलले आणि थांबले. मागून कुणीतरी शीळ घातली. मी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना वाक्य आठवत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुळे काकांकडेही नाही. ते विंगेत बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, पेट्रोलच्या नळीपाशी.

मग आईने चष्मा नीट केला आणि अख्खं वाक्य म्हटलं. कुजबुजत नाही, स्वयंपाकघरातून जिन्यावर हाक मारावी तशा स्वच्छ आवाजात. “पुढचा उन्हाळा हिला दिसेल असं मला वाटत नाही.” शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. लोक मोकळेपणाने हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, एक जण ओरडला, “वन्स मोअर, प्रॉम्प्टर!” आईने मान जराशी लववून ती दाद घेतली. आणि बाबा अजून गप्पच आहेत असं पाहून तिने परत तोंड उघडलं.

माझ्यात मरणारी बायको किती होती आणि मी किती, मला माहीत नाही. मी ताडकन उठून बसले. मांजर घरंगळत मुळे काकांच्या गुडघ्यापाशी पडलं. “आई, तू नको म्हणूस ते! तू नको ना म्हणूस!” मी ओरडले, आणि ओरडल्यावर मला कळलं की साडेचार महिने जे सांभाळलं ते मी दोनशे माणसांसमोर सांडून बसले आहे. हॉलमधलं हसू एकदम थांबलं. बाबांनी माझं मनगट तेव्हाही सोडलं नव्हतं. ते मटकन माझ्या खाटेच्या कडेवर बसले. मुळे काकांनी हळूच मांजर उचलून पोटाशी धरलं.

आईने वही मिटली. बॅटरी बंद केली. आणि नाटक अजून चालू आहे याचं भान सुटू न देता, पण कुणाला ऐकू जातंय याची पर्वा न करता, तिथूनच म्हणाली:

“आडवी हो बघू आधी! मला माहीत आहे सगळं.”